श्वासखुणा

“रबर उचलायच्या आधी बापाला एकदा विचार हो,” असं बांधणीवाले काका म्हणाले होते, आणि ती हसली होती. ते हसू आता आठवलं की घास खाताना दाताखाली खडा यावा तसं होतं. काकांचं दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी असलेली एक अंधारी खोली. खळीचा आंबूस वास, शिकंज्यात दाबून ठेवलेली जाडजूड पुस्तकं, आणि त्यांच्या मधोमध चष्मा कपाळावर चढवून बसलेले काका. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून त्यांच्या बोटांत सरस असा मुरला होता की चहाचा कप खाली ठेवायला त्यांना दुसऱ्या माणसाची मदत लागते, असं बाबा म्हणायचे. ती त्यांच्याकडे मऊ रबर आणि कागद झाडायचा मऊ केसांचा ब्रश न्यायला गेली होती. कडेवर तिची लेक ढब्बी, खांद्यावर ढब्बीची पिशवी, आणि डोक्यात ढब्बीच्या झोपेची वेळ. काकांनी रबर कागदात गुंडाळलं, पण हातात देईनात. “पेन्सिल म्हणजे घाण नव्हे, पोरी. शाई कुणाची ते कळतं. पेन्सिल कुणाची, ते घरच्यालाच ठाऊक.” “काका, मी कुणाच्या हाताखाली शिकलेय, विसरलात का?” “नाही विसरलो. म्हणून तर म्हणतोय. शिकलेल्या माणसाचंच रबर जोरात चालतं.” ती हसली. तेवढ्यात ढब्बीने काकांच्या कपाळावरचा चष्मा ओढला, काका ओरडले, सगळेच हसले, आणि त्या हसण्यात ती गोष्ट वाहून गेली. वाहून गेली म्हणजे काय, तिनेच सोडून दिली. तिला वाटलं, म्हातारी माणसं. प्रत्येक गोष्टीत त्यांना कुणाला तरी विचारून हवं असतं.

आज गुरुवार, सकाळचे अकरा वाजत आलेले. ढब्बीचा ताप औषधाने जरा उतरला होता, आणि ताप उतरला की ती रांगायला लागते हे आता सगळ्या घराला पाठ झालं होतं. सगळं घर म्हणजे ती आणि नवरा, आणि नवरा तर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पाळीवर गेलेला. तिथे आत जाताना फोन कपाटात बंद करून ठेवावा लागतो, संध्याकाळी सहापर्यंत त्याला जग बुडालं तरी कळत नाही. ती सिंकपाशी बाटल्या धूत होती. पाठीमागे एक आवाज आला. ढब्बीने खालच्या कपाटाचं दार उघडून तिच्याच जेवणाच्या भुकटीचा एक जुना डबा बाहेर काढला होता आणि दोन्ही हातांनी तो हलवत होती. खुळखुळा समजून. पण डबा खुळखुळत नव्हता. फुसफुसत होता. हलवला की फुस्, थांबवला की गप्प, पुन्हा हलवला की फुस्. जणू आत कुणीतरी नाक चोंदलेलं माणूस झोपलं आहे. तिने हात न पुसताच धाव घेतली, डबा हिसकावला, ढब्बी रडली. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी होती आणि चिकटपट्टीवर तिच्याच नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: तिसरा अंक, झाडण.

झाडण टाकायचं नाही, हा बाबांचा नियम. जुना कागद साफ करताना रबराचा जो चुरा पडतो तो ब्रशने गोळा करायचा, डब्यात भरायचा, डब्यावर पान कुठलं ते लिहायचं, आणि दुसऱ्या माणसाने काम तपासेपर्यंत ठेवायचा. का? तर चुऱ्याबरोबर एखादा कागदाचा कण गेला असेल, त्या कणावर एखादं टिंब असेल, आणि टिंब गेलं म्हणजे सूर गेला. बाबा औषधाच्या दुकानात आयुष्यभर उभे राहिलेले. गुंजभराचा फरक म्हणजे माणूस इकडचा तिकडे, हे त्यांच्या रक्तात होतं. दुकान खाली, घर वर. आणि घराच्या आतल्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमधून, त्यांनी चाळीस वर्षं जमवलेला संग्रह: जुन्या ऑपेरांच्या स्वरलिपी, मेलेल्या संगीतकारांच्या हातची पानं, नक्कलनविसांनी मेणबत्तीच्या उजेडात उतरवलेल्या वह्या, पाच-पाच रेघांच्या पट्ट्या आणि त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागावी तशी टिंबं. कुठल्या कुठल्या देशांतल्या, कुठल्या कुठल्या जळालेल्या नाटकघरांतल्या. स्वतः बाबांना एक ओळ सुरात गाता येत नसे. ते वाचायचे. लोक वर्तमानपत्र वाचतात तसे, ओठ न हलवता, मधूनच मान डोलावत. पानाला कुणी हात लावायचा तर आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. दार वाजलं तरी बाबा आधी नळाकडे जात, हात धूत, मग कडी काढत; न जाणो, येणाऱ्याच्या हातात एखादं पान असलं तर. आई म्हणायची, “कंपाउंडर, आग लागली तर बंबवाल्यांना थांबवून ठेवशील तू, हात ओले आहेत म्हणून.”

दोन वर्षांची असताना तिने एका पानाचा कोपरा चावून खाल्ला होता. संगीतकाराच्या स्वतःच्या हातचं पान. आईने तिला मारायला हात उगारला, तर बाबांनी मध्ये पडून तिच्या तोंडातून ओला लगदा काढला, तो पुडीत बांधला, पुडीवर तारीख घातली, आणि म्हणाले, “आपल्या घरात वाळवी जन्माला आलीय.” तेव्हापासून ती वाळवी. शाळेच्या फाटकाबाहेर वाळवी, कॉलेजातल्या पत्रांवर वाळवी, लग्नाच्या दिवशी सगळ्यांसमोर, डोळे पुसत, “आमची वाळवी आता दुसऱ्यांच्या कपाटात चालली.” दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिने फोडून काढलं असतं. गेले तीन आठवडे मात्र बाबा तिला वाळवी म्हणालेले नाहीत. फोनवर म्हणतात, “हं, बोल.” कुणालाही म्हणावं तसं.

आई नाटकघराच्या गायकवृंदात होती. बावीस वर्षं, दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. कधी पुढे आली नाही, कधी आणली गेली नाही. बाबांच्या दुकानात ती पहिल्यांदा आली ती घशाच्या गोळ्या मागायला, आणि बाबांनी दिल्या नाहीत. “गोळ्यांनी काही होत नाही. दोन दिवस बोलू नका.” “आज प्रयोग आहे.” “मग गा, पण बोलू नका.” “तुम्ही कोण, डॉक्टर?” “नाही. कंपाउंडर.” हा संवाद ते दोघं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे करून दाखवत, आणि दर वेळी आई डॉक्टर या शब्दावर भुवया अशा उचलायची की पाहुण्यांना चहा सांडून घ्यावा लागे. पुढे आईच्या छातीत काहीतरी बिघडलं. फुप्फुसं हळूहळू कडक होत जातात, असं डॉक्टर म्हणाले. कडक म्हणजे कशी, तिने विचारलं होतं, आणि आईने मध्येच सांगितलं होतं, “शिळ्या पावासारखी.” दुसरी रांग सुटली. मग घरीच, दुपारी, उशांना टेकून आई एक गाणं म्हणायची. रोज तेच. बाबांच्या संग्रहातल्या एका ऑपेराच्या तिसऱ्या अंकातलं, घर सोडून जाणाऱ्या बाईचं, कुणालाच न येणाऱ्या भाषेतलं. तो ऑपेरा जगात कुठेही आता होत नाही. त्याची एकच वही उरलेली, दीडशे वर्षांपूर्वीच्या नक्कलनविसाच्या हातची, संगीतकाराने तपकिरी शाईने दुरुस्त्या केलेली, आणि ती बाबांपाशी. शेवटच्या वर्षी आईला उशाही टोचायला लागल्या तेव्हा लेक कॉलेजची परीक्षा बाजूला ठेवून घरी आली आणि दुपारभर आईची उशी झाली. पाठीला पाठ लावून बसायची. ती खिडकीकडे तोंड करून, मांडीवर आपली पुस्तकं घेऊन. आई तिकडे तोंड करून, मांडीवर काहीतरी कागद घेऊन. समोर खुर्चीत बाबा, पान उलटायला. त्या कागदावर काय आहे ते तिने मागे वळून कधी पाहिलं नाही. वळली असती तर आई पडली असती. तिला आठवते ती पाठ. गाऊनमधून लागणारे मणके, आणि मणक्यांखाली ओढून ओढून वर येणारा श्वास. आणि मधूनच आईचा आवाज, “कंपाउंडर, पेन्सिल.” तिला वाटायचं, औषधाच्या वेळा लिहिताहेत.

आई गेल्यावर बाबांनी आतली खोली लावून घेतली नाही की काही नाही. गुरुवारी अकराला ते तिच्याकडे यायचे, दार दोनदा वाजवायचे, थांबायचे, मग एकदा. ढब्बी झाल्यावर तर हात आणखी दोन मिनिटं धुवायचे, आणि मग तिला मांडीवर घेऊन तिच्या पोटावर बोटांनी पाच रेघा ओढून तिला गाणं वाचून दाखवायचे, म्हणजे नुसतं बघत बसायचे. पण तिला त्यांचं एकटं राहणं बघवेना. दोन जिने. गॅस. साबणाचा ओला ठिपका मोरीत. ती रोज डोळ्यांसमोर एक वेगळा अपघात रचायची आणि रोज फोन करून तो मोडायची. नवरा म्हणायचा, “तुझ्या घराण्यात हा रोगच दिसतो. तू ढब्बीचे श्वास मोजतेस, बापाचे फोन मोजतेस. मी जिवंत आहे का, ते कधी मोजशील?” शेवटी तिनेच ठरवलं: बाबांनी इकडे राहायला यायचं, संग्रह संगीताच्या मोठ्या वाचनालयाला द्यायचा. वाचनालयाच्या बाई येऊन बघून गेल्या, एकेका पानाला ‘अय्या’ म्हणाल्या. बाबा नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाल्यासारखं काहीतरी म्हणाले. फक्त ती एक वही त्यांनी बाईंना दाखवली नाही, आणि तिला वाटलं, कारण वही मळकी आहे. पेन्सिलच पेन्सिल. नाटकघरात शेकडो हातांतून फिरलेली. कुणी अख्खी पानं गाळायच्या खुणा केलेल्या, कुणी ‘इथे पडदा’ लिहिलेलं, कुणी कंटाळून मिशा काढलेल्या. बाबांनीच तिला शिकवलं होतं: रचनाकाराचा हात तो खरा, नक्कलनविसाचा हात तो दुसरा, आणि नंतरच्या हातांची पेन्सिल ती धूळ. धूळ झटकायची. मग तिने ठरवलं, आवराआवरीच्या गडबडीत वही चोरून न्यायची आणि लखलखीत करून बाबांपुढे ठेवायची. तेही खूश होतील, वाचनालयही खूश होईल, आणि बाबा ढब्बीच्या शेजारच्या खोलीत झोपतील.

अकरा दिवस, रोज दुपारी. ढब्बी झोपली की टेबलावर पांढरी चादर, चादरीवर वही, आणि वहीवर तिचा श्वास रोखलेला. रबर असं फिरवायचं की कागदाला कळता कामा नये, लहान बाळाच्या गालावरून दूध पुसतात तसं. आधी मिशा गेल्या. मग पडदे गेले. तिला बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी पुरं होताना दिसत होतं. दूध पुरं होत नाही, कपडे पुरे होत नाहीत, झोप तर नाहीच, पण हे पान मळकं होतं आणि आता स्वच्छ आहे. ती मोहात पडली. तिसऱ्या अंकाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं, हे खोटं कशाला बोलायचं, की ह्या पानांवरची पेन्सिल जरा वेगळी आहे. मऊ, काळी, नाजूक. ओळींच्या वर नखाएवढ्या छोट्या छोट्या खुणा, लटकत्या शेपटीच्या. काही फिक्या, काही गडद. सुरुवातीला विरळ, मग गच्च. तिने भिंग लावून पाहिलंही. तेव्हा काकांचं वाक्य आलं होतं मनाच्या दाराशी, दोनदा वाजवलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत ढब्बी कुसकुसली. तिने दार उघडलं नाही. रबर फिरवलं. खुणा इतक्या सहज निघाल्या की तिलाच नवल वाटलं; कागदावर वळसुद्धा उरला नाही. चुरा करडा झाला. तिने तो ब्रशने गोळा करून डब्यात भरला, आणि वर लिहिलं, तिसरा अंक.

वही घेऊन ती बाबांकडे गेली तो गुरुवार नव्हता. ढकलगाडीच्या खालच्या टोपलीत वही, वर ढब्बी, दोन जिने गाडी उचलून, धापा टाकत. दार वाजवलं, आत नळ सुटला, बंद झाला, कडी निघाली. “वाळवी, आज कशी काय?” हे त्यांचं शेवटचं वाळवी. तिने वही टेबलावर ठेवली आणि लहान मुलीसारखी बाजूला सरकली. बाबांनी चष्मा बदलला. पहिला अंक त्यांनी उघडलाच नाही. दुसरा नाही. थेट तिसऱ्या अंकाचं ते पान, हात तिथे आपोआप पडला, रोजच्या वाटेवर पाय पडतो तसा. त्यांनी तर्जनी ओळीच्या वर ठेवली, कागदाला न टेकवता, आणि हळूहळू पुढे नेली. थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली. त्यांनी पान खिडकीकडे तिरकं धरलं. मग आणखी तिरकं.

“स्वच्छ झालं,” ते म्हणाले.

“किती मळलं होतं, बाबा.”

“हो.” त्यांनी पान पुन्हा सरळ केलं. “तुझी आई इथे श्वास घ्यायची.” बोट एका कोऱ्या जागेवर होतं. “आणि इथे. पुढे इथे.” बोट हवेत राहिलं. “आणि मग... इथेच कुठेतरी.” ते तिच्याकडे पाहत नव्हते. पानाकडेही नाही. “मीच टोक करून द्यायचो. सगळ्यांत मऊ पेन्सिल. कागदाला वळ नको म्हणून. पहिल्या वर्षी ह्या गाण्यात चार खुणा होत्या. दुसऱ्या वर्षी नऊ. शेवटी एकोणीस. डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. इथे.” ढब्बीने वहीची फीत तोंडात घातली होती; ती त्यांनी हळूच काढली, रुमालाने पुसली, आणि वही बंद केली. तिने काहीतरी म्हणायला हवं होतं. माफी, किंवा नुसतं बाबा. ती म्हणाली, “मला वाटलं धूळ आहे.” ते म्हणाले, “मीच शिकवलं तसं.” आणि मोरीत जाऊन हात धुवायला लागले. खूप वेळ धूत राहिले.

त्यानंतर वाचनालयाच्या बाईंना नकार गेला. इकडे राहायला यायचं तर बोलायचंच नाही. एक गुरुवार ते न येता गेला, तेव्हा ती म्हणाली गुडघे दुखत असतील. दुसरा गेला, तेव्हा तीच दोन जिने चढून गेली. त्यांनी दार उघडलं, ढब्बीला घेतलं, चहा केला, कपात साखर घालायची राहिली. आतल्या खोलीचं दार बंद होतं. टेबलावर एक पेन्सिल होती, टोक केलेली, आणि कोरा कागद. त्यावर काही नव्हतं. ती निघताना ते म्हणाले, “चार ठिकाणं आठवतात. पाचव्याला मी तिला बघतो, तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण शब्द कुठला ते नाही ऐकू येत.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. घरात मीठ संपलंय, अशा सुरात म्हटलं. त्यांच्या मानेवर दाढीचे खुंट राहिले होते. बाबांच्या मानेवर आजवर कधी खुंट तिने पाहिले नव्हते. आणि आज तिसरा गुरुवार. सोमवारी फोन उचलला होता, “बरा आहे.” मंगळवारी, “बरा.” बुधवारी दिवस ढब्बीच्या तापात गेला, फोन राहून गेला. आज सकाळी आठला केला, वाजत राहिला. नऊला केला. साडेदहाला.

ढब्बी डब्यासाठी रडता रडता खोकायला लागली. काल डॉक्टर म्हणाले होते, छातीत काही नाही, नाक चोंदलंय, दोन दिवस बाहेर काढू नका, उभी धरून ठेवा, आणि बाई, श्वास मोजत बसू नका. सगळे श्वासच मोजायला सांगतात आणि मग मोजू नका म्हणतात. तिने ढब्बीला उभं छातीशी धरलं आणि तिथेच फरशीवर, कपाटाला पाठ लावून बसली. कपाटाचं दार पाठीला टणक लागत होतं. मुठीएवढा गरम जीव तिच्या मानेत नाक घासत होता. तिला शांत करायला काहीतरी म्हणायला हवं होतं आणि तिच्या तोंडून ते निघालं. शब्द न कळणारं, घर सोडून जाणाऱ्या बाईचं. ती ते कधी शिकली नव्हती. पाठीतून आलं होतं ते, ओल भिंतीतून येते तसं. तिचं लक्ष ढब्बीच्या खोकल्याकडे होतं, म्हणून पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा म्हणताना कळलं की ती एका शब्दाच्या मधोमध थांबली आहे. धाप लागली नव्हती. शब्द संपला नव्हता. तिचं वय तिशीच्या आतलं, फुप्फुसं ताज्या पावासारखी. तिथे थांबायचं तिला काही कारण नव्हतं. लहानपणच्या घराच्या पायऱ्या काळोखातही पायाला माहीत असतात, तसं छातीला माहीत होतं, की इथे एक पायरी आहे. तिने मुद्दाम न थांबता म्हणून पाहिलं. जमेना. गाणं मोडल्यासारखं झालं. मग पुन्हा पहिल्यापासून, डोळे मिटून, कपाटाला पाठ दाबून, आणि प्रत्येक थांब्याला ढब्बीचं एक एक बोट मिटत. उजव्या हाताची पाच. डाव्या हाताची पाच. मग पायाची. ढब्बीला गंमत वाटली, तिने रडणं सोडून दिलं. एका पायाची पाच, दुसऱ्या पायाची चार. गाणं संपलं तेव्हा ढब्बीची करंगळी, डाव्या पायाची, तेवढी एकच उघडी राहिली होती.

एकोणीस.

ती कितीतरी वेळ त्या करंगळीकडे बघत बसली. मग तिला रडू आलं, पण ते आतल्या आत, कारण ढब्बी झोपत होती. आई गेली, आईच्या खुणा गेल्या, त्या तिनेच पुसल्या. आणि आईने श्वास कुठे कुठे घेतला ते सगळं, एकोणीसच्या एकोणीस जागा, तिच्या पाठीत लिहिलेलं होतं, जिथे कुणाचं रबर पोचत नाही. बाबा समोरून बघत होते, त्यांना तोंड आठवतं. ती मागे होती. हे त्यांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. तिने झोपलेल्या ढब्बीला न हलवता एका हाताने फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिसऱ्या घंटेला तिला नळाचा भास झाला, सहाव्याला कडीचा. नंतर नुसती घंटा. बांधणीवाल्या काकांना लावला, त्यांच्या सुनेने उचलला, म्हणाली, “मामंजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय हो, आम्ही सगळे दवाखान्यात आहोत, दुकान आठ दिवस बंद.” बाबांच्या जिन्याखालचा शिंपी गावाला गेलेला. पंपघराचा फोन कुणीतरी उचलला, “निरोप देतो” म्हणालं आणि तिचं नाव न विचारताच ठेवून दिला. ढब्बीचं अंग पुन्हा तापायला लागलं होतं. तिने तापमान बघितलं, मग दाराकडे बघितलं, मग पुन्हा तापमान. तापलेलं पोर घेऊन वाऱ्यात जायचं की थांबायचं, ह्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, आणि ती तर बरीच पुस्तकं वाचलेली बाई. ती एका वेळी दोघांचे श्वास ऐकू शकत होती. पण त्यासाठी दोघं एका खोलीत हवे होते. तेवढंच तर तिला करायचं होतं.

म्हणून ती तुम्हालाच विनवते आहे. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुमच्यापाशी घटकाभर वेळ आहे, आणि कदाचित तुमचं पोर बरं आहे. तुमच्या शहरात औषधाचं एखादं बंद दुकान असेल, फळीवरची अक्षरं पुसट झालेलं, शेजारी अरुंद जिना. दुसऱ्या मजल्यावर हिरवं दार. घंटा लागत नाही, हाताने वाजवा: दोनदा, थांबून एकदा. म्हणजे घरचं माणूस आहे असं त्यांना वाटेल. लगेच उघडलं नाही तर जाऊ नका. दाराला कान लावा. आत नळ सुटल्याचा आवाज आला तर घाबरायचं कारण नाही, ते हात धूत आहेत, वेळ लावतील, पण येतील. आले की त्यांना म्हणावं, “वाळवीने पाठवलंय. पेन्सिल घेऊन बसा, एकोणीसच्या एकोणीस मिळाल्या आहेत, पोरीचा ताप उतरला की ती येऊन तुमच्यासमोर, तुमच्याकडे पाठ करून म्हणेल.” आणि नळाचा आवाज नाही आला, तर पुन्हा वाजवा. दोनदा, थांबून एकदा. थांबण्याची जागा चुकवू नका. आणि ऐका.